उजेड ऐकणारी आजी

वर्धा जिल्ह्यात आइन्स्टाइनचे नाव ऐकले नाही असा शाळकरी मुलगा माझ्या लहानपणी विरळा. पण ते नाव आमच्याकडे पोहोचले ते पदार्थविज्ञानाच्या वाटेने नव्हे. १९३९ साली गांधीजींच्या सत्तरीला त्यांनी जे गौरवोद्गार काढले, ते सेवाग्रामच्या पंचक्रोशीत सर्वांना तोंडपाठ होते. त्यामुळे आइन्स्टाइन म्हणजे बापूंना मानणारा कुणी थोर परदेशी गृहस्थ, एवढीच आमची समजूत. ते शास्त्रज्ञ होते हे पुढे कळले, आणि त्यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते त्या गाजलेल्या सापेक्षतावादासाठी नव्हे, हे तर कॉलेजात गेल्यावर कळले. पारितोषिकाच्या शिफारशीत खास उल्लेख होता तो प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा. म्हणजे उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांचा जो विजेचा प्रवाह तयार होतो, त्याचा नियम.

या नियमाशी माझी गाठ पुस्तकात पडण्याआधी एका फाटक्या तंबूत पडली. गाठ घालून दिली माझ्या आजीने, आणि आजीला तर उजेड दिसतच नव्हता.

माझे आजोळ आर्वीचे. वडील वर्ध्याला कारकून. सुटी लागली की वर्ध्याहून पुलगावला मोठ्या गाडीने जायचे आणि तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीत बसून आर्वीला. ती गाडी इतक्या सावकाशीने चाले की वाटेतली कपाशीची बोंडे मोजून होत. मामा माझा एका टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. दिवाळी उलटली की तंबू गावोगाव हिंडू लागे. आर्वी, आष्टी, तळेगाव, कारंजा, जिथे बाजार मोठा तिथे मुक्काम लांब. मामाचे लग्न झालेले नव्हते आणि आजीला मागे ठेवणार कुणापाशी? म्हणून जिथे तंबू तिथे एक भाड्याची खोली, आणि त्या खोलीत आजी. ‘सिनेमावाल्याची माय’ म्हणून चार बायका तिला मान देत, आणि चार बायका नाक मुरडत. आजीला दोन्ही दिसत नसे.

तिला काचबिंदू झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, आता गेलेले परत येणार नाही. तरी ती रोज रात्री खेळाला जाई! बायकांच्या बाजूला, उजवीकडच्या तिसऱ्या खांबाला टेकून बसे आणि सिनेमा ऐके. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ तिचा फार लाडका. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा तिने कधी पाहिला नाही, पण आवाज मात्र घरच्या माणसाचा असावा तसा ओळखीचा.

१९५६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. वर्धा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते आणि मी बारा वर्षांची होते. मुक्काम तळेगावला. मामाच्या यंत्राच्या कक्षात मुलींना जायची बंदी होती, पण दुपारी मालक झोपला की मामा मला आत घेई. तिथे त्याने मला फिल्मच्या कडेला असलेली ती नागमोडी पट्टी दाखवली. जेमतेम दशांश इंच रुंद. कुठे फुगलेली, कुठे आकसलेली, जणू ओल्या बोटाने काढलेली रांगोळी.

“हा तुकारामाचा आवाज,” मामा म्हणाला.

मला ते पटेना. मग त्याने सगळा कारभार उघडून दाखवला. चित्र पडद्यावर टाकणारा कार्बनचा मोठा प्रकाश वेगळा. त्याच्या खाली एक दहा व्होल्टचा बारकासा दिवा, त्याला एक्सायटर म्हणतात. त्या दिव्याचा उजेड भिंगातून आणि फटीतून नेऊन इंचाच्या हजाराव्या भागाएवढी बारीक रेघ करायची आणि ती त्या नागमोडी पट्टीवर पाडायची. पट्टीतून जितका उजेड निसटेल तितका पलीकडच्या काचेच्या नळीवर पडतो. ती नळी म्हणजे फोटोसेल. आत चांदीचा अर्धगोल पत्रा, त्यावर सीझियम धातूचा पातळ मुलामा, आणि समोर एक तार. उजेड पडला की मुलाम्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, तार त्यांना ओढून घेते, आणि झाला प्रवाह सुरू. उजेड वाढला की प्रवाह वाढतो, घटला की घटतो. सेकंदाला दीड फूट फिल्म सरकते. पट्टीच्या नागमोडीबरोबर उजेड थरथरतो, उजेडाबरोबर प्रवाह थरथरतो, अँप्लिफायर ती थरथर मोठी करतो आणि तंबूच्या तोंडाशी असलेल्या कर्ण्यांतून तुकाराम बोलू लागतो.

“फणी आहे का जवळ?” मामाने विचारले.

मी वेणीतली फणी काढून दिली. त्याने फिल्म बाजूला करून दिव्याच्या आणि सेलच्या मध्ये फणीचे दाते सर्रकन ओढले. रिकाम्या तंबूत असा काही घूं आवाज घुमला की बाहेर बसलेली आजी दचकून म्हणाली, “बाप्पा! एवढा मोठा भुंगा कुठून शिरला?”

मामाने फणी नुसती धरून ठेवली. आवाज नाही. टॉर्च लावून उजेड स्थिर ठेवला. तरी आवाज नाही. आवाज उजेडाचा नसतो, उजेडाच्या बदलाचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. पुढे पस्तीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवले. पण त्या फणीइतका सरळ प्रयोग मला वर्गात करता आला नाही. वर्गात फण्या आणायला मुली लाजत!

त्याच मुक्कामात संकट आले. तिसऱ्या-चौथ्या रात्री आजी खेळाहून परतल्यावर म्हणाली, “अरे, तुकाराम दूर चालला रे. परवा माजघरात बोलत होता, काल ओसरीवर, आज आंगनात उभा राहून बोलून राहिला.”

मामाला काही जाणवले नव्हते. ऑपरेटर यंत्राच्या खडखडाटात उभा, त्याला तंबूतला आवाज तो काय कळणार! पण दोन दिवसांनी चार आणेवाले शिट्ट्या मारू लागले. एका रात्री कक्षाच्या कनातीवर ढेकळे आली. मालकाने मामाला सर्वांसमोर झापले. दोष तुझ्या हातात आहे, महिनाअखेर नीट झाले नाही तर दुसरा माणूस पाहतो, असे त्याने बजावले. फोटोसेल खराब झाला असावा असे मामाने सुचवले, तर मालक म्हणाला, “त्यात हलतं काय, की झिजेल?” नवा सेल नागपूरहून मागवावा लागे आणि त्याची किंमत मालकाच्या जिवावर येई.

मामापाशी प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते. असा बारीक प्रवाह, अँपिअरच्या लाखाव्या भागाच्या घरातला, मोजणारे उपकरण टुरिंग टॉकीजवाल्याकडे असणार कुठून? पण त्याच्याकडे आजी होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी रिकाम्या तंबूत आजीला तिसऱ्या खांबापाशी नेऊन बसवायचे, हे माझे काम. रात्री माणसांची गर्दी आवाज पिऊन टाकते, म्हणून दुपार. अँप्लिफायरच्या बटणावर खडूची खूण, ती हलवायची नाही. रीळ दरवेळी तेच, पहिले. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आजीने फक्त तुकाराम कुठे उभा आहे ते सांगायचे.

आधी मामाने खेळापूर्वी वाजवतात त्या तबकड्या लावल्या. आजी म्हणाली, “गानं माजघरातच हाय.” म्हणजे अँप्लिफायर आणि कर्णे निर्दोष. मग दुसऱ्याच एका चित्रपटाचे जुने रीळ लावले, तेही दूर. म्हणजे फिल्म निर्दोष. दोष दिव्यापासून सेलपर्यंतच्या वीतभर जागेत कुठेतरी.

पहिल्या दिवशी दिवा बदलला. जुन्याची काच आतून काळवंडली होती. तुकाराम आंगनातून पायरीशी आला. दुसऱ्या दिवशी भिंग पुसले. त्यावर तेलाचा एक थेंब ओघळून पसरला होता, मशीनला तेल घालणाऱ्याची कृपा. “चढला पायरी,” आजी म्हणाली. पण ओसरीच्या आत यायला तयार नाही. उजेड पूर्ववत झाला, प्रवाह मात्र पूर्वीचा नाही.

तिसऱ्या दिवशी मामाने सेलचा दाब वाढवला. या सेलमध्ये थोडा वायू भरलेला असतो. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना वायूच्या अणूंना धडका देतात आणि त्यांतून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. त्यामुळे नुसत्या पोकळीच्या सेलपेक्षा प्रवाह कितीतरी मोठा मिळतो. दाब वाढवाल तसा तो आणखी वाढतो, पण त्याला नव्वद व्होल्टच्या आसपास मर्यादा आहे. मामाने दाब चढवला तसा आवाज जवळ आला खरा, पण त्याच्यामागे सरसर ऐकू येऊ लागली आणि नळीत निळसर झाक दिसली. मामाने घाईने दाब उतरवला. बाहेरून आजी म्हणाली, “आत आला होता, पन ताप आल्यावानी बोलत होता.”

तेव्हा मामाच्या ध्यानात सगळे आले. तो महिनाभर आधी तापाने आठ दिवस पडून होता. तेवढ्यात मालकाच्या मेहुण्याने यंत्र चालवले होते आणि कर्णे दणाणावेत म्हणून दाब बेफाम चढवला होता. त्या निळ्या झगमगाटात सीझियमचा मुलामा खराब झाला होता. न हलणारी वस्तूही झिजते ती अशी.

मालक ऐकेना तेव्हा मामाने पदरचे पैसे घालून नागपूरहून सेल मागवला. तो आला त्या दुपारी मी आजीच्या शेजारीच बसले होते. तुकारामाचा पहिला शब्द कर्ण्यातून निघाला आणि आजीने हात जोडले. “आला माजघरात,” ती म्हणाली. “देवापाशी बसला.” रात्री मालक मिशीवरून हात फिरवत लोकांना सांगत होता, सेलच खराब असावा असे मी म्हणतच होतो!

जुना सेल मामाने मला दिला. तो खडूच्या डबीत, कापसात गुंडाळून, १९६१ साली माझ्याबरोबर नागपूरला कॉलेजात आला.

तिथल्या प्रयोगशाळेत जो सेल होता त्यात पोटॅशियमचा मुलामा होता. दिवा जवळ आणावा, दूर न्यावा आणि प्रवाह मोजावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, आणि प्रवाहही बरोबर चौथाई. इथपर्यंत मला सगळे आजीच्या खांबापासून पाठ होते. मग आम्ही तांबडी काच मध्ये घातली. काटा शून्यावर! दिवा सेलला टेकवला, तरी शून्य. निळी काच घालून दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, तर काटा हलला. मी डबीतून मामाचा सेल काढला, तो लावून पाहिला. मरतुकडा असूनही तांबड्या उजेडात त्याचा काटा हलत होता.

तो काटा पाहून मला आमच्या आजोळची विहीर आठवली. तुम्हीही पाहा. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाते. समजा पाणी वीस हातांवर आहे आणि शंभर बाया पंधरा-पंधरा हातांचे दोर घेऊन आल्या. दिवसभर घागरी सोडल्या तरी एक थेंब वर येणार नाही. एकच बाई पंचवीस हातांचा दोर घेऊन येऊ दे, पहिल्याच खेपेला घागर भरते, आणि दोर पाच हात उरतो. उजेडाचे तसेच आहे. तो अखंड धार नाही, सुट्या कणांनी येतो. प्रत्येक कणाचा दोर किती लांब, हे त्याच्या रंगावर ठरते: तांबड्याचा आखूड, जांभळ्याचा लांब. विहीर किती खोल, हे धातूवर ठरते. एका इलेक्ट्रॉनला एकाच कणाचा दोर मिळतो. दोन आखूड दोरांना गाठ मारायची सोय नाही. बाया किती आल्या, म्हणजे उजेड किती प्रखर, यावर घागरी किती भरतील ते ठरते, पण दोर पोचत असेल तरच. आणि उरलेले पाच हात म्हणजे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग. त्या वेगाच्या उलट दाब देऊन प्रवाह थांबवता येतो. दिवा कितीही प्रखर करा, तेवढाच दाब पुरतो; रंग बदलला की दाब बदलतो.

आकड्यांत सांगायचे तर पोटॅशियमची विहीर सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल, तांबड्या उजेडाचा दोर १.९ चा, जांभळ्याचा ३.१ चा. सिनेमाच्या सेलमधला चांदी आणि सीझियमचा मुलामा मात्र इतका उथळ विहिरीचा, की दिसणाऱ्या तांबड्याच्याही पलीकडचा, नुसत्या उष्णतेसारखा भासणारा उजेड त्याला चालतो. दिव्याची तापलेली तार असलाच उजेड जास्त देते, म्हणून तर तो मुलामा निवडलेला. यातून पुढे एक गंमत झाली. रंगीत चित्रपट आले तेव्हा त्यांचे रंग या अवरक्त उजेडाला पारदर्शक निघाले! मग चित्र रंगीत, पण आवाजाची पट्टी मुद्दाम चांदीची काळी ठेवावी लागे.

हे सारे एका दिवसात उलगडले नाही. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झला १८८७ साली हा परिणाम चुकून दिसला; त्याच्या विजेच्या ठिणग्या मध्ये काच धरली की आखूड होत, कारण काच जंबुपार उजेड अडवते. लेनार्डने १९०२ साली दाखवले की उजेड वाढवून इलेक्ट्रॉनांचा वेग वाढत नाही. ते कोडे आइन्स्टाइनने १९०५ साली उजेडाचे कण मानून सोडवले. अमेरिकेतल्या मिलिकनला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. ती खोडून काढायला त्याने दहाएक वर्षे खर्ची घातली, पोकळीच्या आत धातूचे तुकडे खरवडून ताजे पृष्ठभाग तयार केले, आणि १९१६ साली जाहीर केले ते आकडे आइन्स्टाइनच्या समीकरणावर चपखल बसणारे! मला या कथेत मिलिकनच अधिक आवडतो.

आमच्या वर्ध्याच्या उन्हाबद्दल इथे सांगायला हवे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, डांबर वितळते. पण त्याच उन्हात जस्ताचा पत्रा खिडकीच्या काचेमागे ठेवा, त्यातून एक इलेक्ट्रॉन उजेडाने सुटणार नाही. जस्ताची विहीर फार खोल. तिला पुरेल असा जंबुपार उजेड वातावरणच वरच्या वर गिळते, उरलेला काच. माझ्या भाच्याने आता आर्वीजवळच्या शेतात सौर पंप बसवला आहे. तो काही हाच परिणाम नव्हे. त्यात इलेक्ट्रॉन बाहेर न पडता सिलिकॉनच्या आतच मोकळा होतो, आणि विहीर १.१ एवढीच उथळ. पण नाते सख्ख्या चुलत भावाचे. भाचा मे महिन्यात कुरकुरत होता, एवढे ऊन असून पाट्या वीज कमी का देतात? कारण त्यांना उजेड हवा असतो, ताप नव्हे. पाटी तापली की दर अंशाला साधारण ०.४ टक्का वीज घटते. डिसेंबरातल्या निरभ्र थंड दुपारी त्या उजेडाच्या मानाने चांगल्या वाजतात, असे आपले मी म्हणते. वाजण्याचा शब्द मामाचा.

मामाचा धंदाही आता उरला नाही. थिएटरांत आवाज हल्ली आकड्यांच्या रूपाने येतो. नागमोडी पट्टी गेली, एक्सायटर गेला. १९६३ साली मात्र मामा आर्वीच्या पक्क्या थिएटरात दोन मशीन सांभाळत होता, आणि आजी थकली होती तरी खेळ चुकवत नव्हती. मी उन्हाळ्याच्या सुटीत गेले तेव्हा तिने विचारले, “त्या तुकारामाचं काय निघालं गं शेवटी? कॉलेजात सांगितलं का?”

ओसरीवर बसून मी तिला विहीर, दोर, घागरी सगळे सांगितले. विहिरीचे तिला लगेच समजले. जन्म त्यातच गेलेला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंग माह्या डोयायचा दोर आखूड झाला काय वं?”

मी या प्रश्नाला तयार नव्हते. डोळ्यातही उजेडाचा एकेक कण पकडला जातो, तिथली तऱ्हा निराळी, धातू नव्हे, रसायन. काचबिंदूत बिघडते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस.

“नाही आजी,” मी म्हटले. “दोर धड आहे. घागर भरून वर येते. पण पाणी मळ्याकडे नेणारा पाट बुजला.”

“म्हंजे पानी येते,” ती म्हणाली.

“येतं.”

तिने पदराने तोंड पुसले. “बरं. आज कोन्ता खेय हाय?”

कुठलासा मारधाडीचा हिंदी चित्रपट होता. आजीने तो शेवटपर्यंत ऐकला, आणि घरी येताना तक्रार केली की दुसऱ्या मशीनवरचे रीळ लागले की माणसे ओसरीवरच उभी राहतात. मामाने सकाळी जाऊन भिंग पुसले.